बाहेरच्या दुकानात बसवलेल्या वस्तूंमुळे गाडीची संपूर्ण वॉरंटी रद्द होते का?

प्रश्न – चाकणकर

नमस्कार. माझ्या पेट्रोल हॅचबॅकला दोन वर्षे होत आली असून कंपनीच्या तीन वर्षांच्या वॉरंटीतले एक वर्ष शिल्लक आहे. गाडीला अँड्रॉइड म्युझिक सिस्टिम व मागचा कॅमेरा, १५ ऐवजी १६ इंची अलॉय चाके आणि जमल्यास सीएनजी किट बसवण्याचा विचार आहे. तिन्ही कामे बाहेर बरीच स्वस्त पडतात. मात्र सर्व्हिस सेंटरमधील सल्लागारांनी ‘बाहेरची एक वायर जरी जोडली तरी सगळी वॉरंटी गेली’ असे तोंडी सांगितले. म्युझिक सिस्टिम बदलल्यामुळे गिअरबॉक्सची वॉरंटी कशी जाते, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर – कलम_बहाद्दर

तोंडी सांगितलेल्या गोष्टीला फारसा अर्थ नाही. वॉरंटी हा करार आहे, त्यामुळे प्रथम वॉरंटी पुस्तिकेतील अपवादांचे पान वाचावे. त्यात बहुधा ‘फेरबदलामुळे उद्भवलेला बिघाड’ वगळलेला असतो आणि त्यातील ‘मुळे’ हा प्रत्यय आपल्या बाजूचा आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्या आदेशात या प्रश्नाला जवळचा एक मुद्दा आहे. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने म्हटले होते. हा आदेश दुरुस्तीविषयीचा आहे, फेरबदलांविषयीचा नव्हे, शिवाय कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या; तरीही वाद घालताना तो तर्क उपयोगी पडतो. यूट्यूबवर ज्या अमेरिकी वॉरंटी कायद्याचा वारंवार हवाला दिला जातो, तो मात्र इथे लागू नाही.

दुसरे म्हणजे वॉरंटी आणि कायदेशीरपणा या स्वतंत्र बाबी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आहे. परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२अ मध्ये आहे. म्युझिक सिस्टिम यात येत नाही, सीएनजी किट येते.

उत्तर – वायरमन_सातारा

सल्लागारांचे विधान अतिशयोक्त असले, तरी वायरिंगच्या बाबतीत त्यांची भीती अगदीच निराधार नाही. मूळ वायर सोलून, पीळ देऊन वर टेप गुंडाळली, तर पुढे बॅटरी उतरण्यापासून बॉडी कंट्रोल मॉड्यूलपर्यंत (दिवे, लॉक, काचा सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) जे काही बिघडेल त्याचे खापर त्या जोडावर फोडले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करणे ग्राहकाला फार अवघड जाते. आपल्या मॉडेलसाठीचे तयार कपलर (जोडणीचा प्लग) मिळते, ते मूळ सॉकेटमध्ये बसते आणि एकही वायर कापावी लागत नाही. दुकानदार ‘कपलर नाही, पण काम चोख करून देतो’ म्हणाला, तर दुसरे दुकान गाठावे. मूळ हेडलॅम्पमध्ये ५५/६० वॅटचा बल्ब असताना रिलेशिवाय (जादा वीजभार पेलणाऱ्या स्विचशिवाय) ९०/१०० वॅटचा बल्ब लावणाऱ्यांचे वितळलेले होल्डर आमच्याकडे येतात. अशा वेळी कंपनीने दावा नाकारला तर तिला दोष देता येत नाही.

उत्तर – घाटमाथा

चाकांच्या बाबतीत रिमपेक्षा टायरसह एकूण व्यास महत्त्वाचा आहे. आपला टायर १८५/६५ आर१५ असेल, तर त्याचा व्यास सुमारे ६२१ मिमी भरतो. १९५/५५ आर१६ चाही जवळजवळ तेवढाच भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. याहून रुंद टायर लावून व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा दावा केल्यास तो वादात अडकेल.

सीएनजीचे मात्र वॉरंटी संपेपर्यंत थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरचे किट थेट इंधनपुरवठ्यात आणि ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) कामात हात घालते, त्यामुळे इंजिनाच्या कोणत्याही बिघाडाशी त्याचा संबंध जोडणे कंपनीला सोपे जाते. शिवाय आपल्या मॉडेलसाठी मान्यता असलेले किट, अधिकृत केंद्रात बसवणी, आरटीओमध्ये आरसीवर इंधनाच्या बदलाची नोंद, विमा कंपनीला कळवून पॉलिसीत दुरुस्ती आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) हे सगळे आलेच. विम्याची नोंद टाळणारे पुष्कळ भेटतात, पण गाडीला आग लागल्यास वॉरंटीपेक्षा विमाच अधिक कामाचा असतो.

चाकणकर

सर्वांचे आभार. सीएनजी तूर्त बाजूला ठेवतो. उद्या एखादा दावा नाकारला गेलाच, तर नेमके काय मागावे?

कलम_बहाद्दर

नकार लेखी मागावा: कोणता भाग, कोणता फेरबदल, त्यामुळे बिघाड कसा झाला आणि पुस्तिकेतील कोणती अट. जॉब कार्डवर सल्लागारांचा शेरा घ्यावा, म्युझिक सिस्टिमचे बिल जपावे आणि काढलेला मूळ सेट दुकानदाराला देऊन टाकू नये. कारण लेखी मिळाले नाही तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करून ठेवावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली, तर हीच कागदपत्रे लागतात. तेथे तक्रार ऑनलाइन करता येते आणि वकील बंधनकारक नाही.