थॅलेसेमिया मायनर निघाला, आता साठीत डीएनए शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

खतावणी, कळवा

नमस्कार. वय ६०, शिक्षण बी.कॉम., २९ वर्षं हिशेब खात्यात काढली. जीवशास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच.

गेल्या महिन्यात गरोदरपणाच्या तपासण्यांत मुलीला थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार. जावई नॉर्मल, त्यामुळे बाळाला मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची भीती नाही असं डॉक्टर म्हणाले. मग आम्ही नवराबायकोनेही रक्त दिलं. हिचं ठीक, माझं एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) वाढलेलं, ५.४ टक्के. म्हणजे मुलीला ते माझ्याकडून आलं. हिमोग्लोबिन अकराच्या वर चढत नाही म्हणून मी वीसेक वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. ही तपासणी करून बघा असं तेव्हा कोणीही सुचवलं नाही.

पण शिकायचं कारण वेगळं आहे. १९७४ साली गावी, माणगावजवळ, माझी धाकटी बहीण गेली. अडीच वर्षांची होती. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत, मग वर्षाच्या आतच पांढरी पडत गेली, पोट फुगत गेलं. आई आता ८२ वर्षांची आहे आणि माझ्याजवळच असते. पोटुशी असताना आपलंच काहीतरी चुकलं, असं ती आजही म्हणते. मला तिला नीट समजावून सांगायचंय, पण त्यासाठी आधी मला समजायला हवं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून दोन पुस्तकं आणली. एक अगदी लहान मुलांचं, दुसरं डॉक्टरांसाठी. मधलं काही आहे का?

निवृत्त बाई, नेरूळ

मधलं आहे, आणि फुकट आहे. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाचा दुसरा भाग उतरवून घ्या. पहिलाच धडा आनुवंशिकतेचा आहे. तीस वर्षं शिकवलं, म्हणून सांगते: घाई न करता दोनदा वाचा.

तुम्ही हिशेबातले, तर तुमच्याच भाषेत सांगते. जवळपास प्रत्येक पेशीत २३ खतावण्यांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एक खतावणी म्हणजे एक गुणसूत्र. त्यातला मजकूर म्हणजे डीएनए, चारच अक्षरांत लिहिलेला, ए, टी, जी, सी. एका संचात अशी सुमारे ३ अब्ज अक्षरं. तुमची नोंद अकराव्या खतावणीत आहे, बीटा ग्लोबिन नावाची. मूळ वही पेशीच्या केंद्रकाबाहेर जात नाही. हव्या त्या पानाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. ती नक्कल बाहेर वाचली जाते, तीन-तीन अक्षरांनी. प्रत्येक तिकडीला एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी. अशी १४६ ओळीने जोडली की हिमोग्लोबिनची बीटा साखळी तयार. कुठल्या तिकडीला कोणतं आम्ल हे कोडं सोडवणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते, १९६८चं नोबेल त्याचंच.

तुमच्या दोन वह्यांपैकी एकीत ही नोंद बिघडलेली आहे. दुसरी शाबूत, म्हणून तुमचं चाललं. दोन्हीकडे बिघडली तर मेजर.

आणि दादा, आईंना एक गोष्ट आधी सांगा. गरोदरपणी काय खाल्लं, काय उचललं, कोणाची नजर लागली, याने ही नोंद बिघडत नाही. गर्भ राहिला त्या क्षणी ती ठरलेली असते.

पिपेट, ऐरोली

लॅबमध्ये आहे, थोडक्यात लिहितो. एचबीए-टू साडेतीनच्या वर म्हणजे बहुधा बीटा थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजेच मायनर. लोहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि पुन्हा सुरूही करू नका. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करा, मग डॉक्टरांशी बोला. मायनर आणि लोहाची कमतरता दोन्ही एकत्र असू शकतं, आणि लोह कमी असेल तर एचबीए-टू कमी दिसून वाहक निसटूही शकतो.

बहिणीबद्दल. वर्णन जुळतं, पण रिपोर्टशिवाय खात्री देता येणार नाही. जन्मतः बाळाच्या रक्तात गॅमा साखळीचं हिमोग्लोबिन असतं, म्हणून मेजरची मुलंही सुरुवातीला छान दिसतात. बीटाची पाळी आली की बिघाड उघडा पडतो.

तुम्हाला भाऊ आहे का? आईवडील दोघेही वाहक असतील तर धडधाकट भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी नाही, तीनात दोन आहे. चार शक्यतांतली मेजरची वगळा आणि उरलेल्या तीन मोजा. त्याच्या मुलांनी लग्नाआधी तपासून घ्यावं.

एसवाय बीएस्सी, ठाणे

काका, डीएनए डोळ्यांनी बघा! अर्धं केळं कुस्करा, पाव कप पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. हळूच ढवळा, फेस नको. गाळून ग्लासात घ्या आणि फ्रीजरमध्ये थंड केलेलं सर्जिकल स्पिरिट कडेने ओता. मधल्या थरात पांढरे तंतू वर येतात. साबण पेशीचं तेलकट आवरण फोडतो, मिठामुळे तंतू एकत्र येतात, स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही. स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा.

खतावणी, कळवा

तीन आठवड्यांनी लिहितोय. धडा चारदा वाचला. केळ्याचे तंतू काडीवर गुंडाळून आईला दाखवले. ती म्हणाली, शेवयांसारखं दिसतंय.

तिला समजावायला चिंचोके घेतले. लहानपणी सारीपाट खेळायचो तसे फोडून, एक बाजू काळी, एक पांढरी. चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडतो का याची मला शंका, म्हणून आधी शंभरदा टाकून बघितला: ५३ पांढरे. चालण्यासारखं आहे. एक चिंचोका आईचा, एक बाबांचा, पांढरी बाजू म्हणजे बिघडलेली नोंद. दोन्ही पांढरे पडले तरच मेजर. आम्ही चाळीस डाव टाकले. दोन्ही पांढरे ११, एक पांढरा १९, दोन्ही काळे १०.

आई बराच वेळ चिंचोके हातात घेऊन बसली. मग विचारलं, "म्हणजे तुझ्या बाबांचाही पांढरा पडावा लागतो?" हो म्हटलं. "आणि टाकायचं कसं, ते आपल्या हातात नाही?" नाही म्हटलं. त्यावर काही बोलली नाही. रात्री जेवताना बहिणीचं नाव घेतलं. तिला भोपळ्याचे घारगे आवडायचे, हे मला पहिल्यांदाच कळलं.

भाऊ पनवेलला असतो, त्याच्या दोन्ही मुलांनी काल रक्त दिलं. आणि आई म्हणतेय, माझंही बघा. बाबा नाहीत, त्यामुळे बहिणीचं कोडं पूर्ण सुटणार नाही हे तिला सांगितलंय. तरी सोमवारी तिला घेऊन जातोय.

बाई, एक शंका. अक्षर नोंदीत बदललं तर साखळी बिघडते हे कळलं. पण अक्षर बदलूनही अमिनो आम्ल तेच राहतं असंही वाचलं. एकाच आम्लाला दोन-तीन तिकड्या कशा काय?