मॉन्ट्रियलला ब्रेट हार्टला फसवलंच होतं

केबलच्या काळातला: काल इथे एकाने लिहिलं, ‘कुस्ती आधीच ठरलेली, मग ब्रेट हार्टने रडायचं कशाला? विन्सने धंदा वाचवला, विषय संपला.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. ९ नोव्हेंबर १९९७, विन्स मॅकमहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीचा सर्व्हायव्हर सिरीज हा कार्यक्रम. चॅम्पियनचा पट्टा ब्रेटकडे होता, आणि तो डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत निघाला होता. कॅनडात, आपल्या माणसांसमोर शॉन मायकल्सकडून हरणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. शेवटच्या ३० दिवसांत आपल्याला कसं दाखवायचं, यात त्याचा शब्द चालेल असं करारातच होतं. ठरलं होतं की धुमश्चक्री होऊन सामना निकालाविना सुटेल. शॉनने ब्रेटचाच शार्पशूटर हा डाव ब्रेटला लावला, ब्रेटने हार मानलीच नाही, आणि रिंगजवळ उभ्या विन्सने घंटा वाजवायला लावली. आधी ठरलेलं होतं म्हणूनच तर ही फसवणूक! काही ठरलंच नसतं, तर मोडलं काय असतं?

धंदा आधी: ते मीच लिहिलं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये मदुसाने डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिलांचा पट्टा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या टीव्ही कार्यक्रमात नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला, ते विसरलात? विन्सने तेच पुन्हा बघायचं? माझा भागीदार दुकान सोडताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला होता. शब्दावर विसंबलो, दोन वर्षं उधारी वसूल करत फिरलो. विन्सच्या जागी मीही घंटा वाजवली असती.

केबलच्या काळातला: ब्रेट पट्टा पळवत नव्हता हो. दुसऱ्या गावी सोडतो म्हणत होता. तुमच्या भागीदाराचा राग त्याच्यावर का काढता?

तालमीतला: असल्या नुरा कुस्तीवर एवढं भांडण? आमच्या घरात तीन पिढ्या लाल मातीत गेल्या. माझ्या आजोबांची एका जत्रेत जोड लागली होती. कमिटीने आदल्या रात्री सांगितलं, वीस मिनिटं खेळा, बरोबरीत सोडवू, इनाम निम्मं निम्मं. आजोबांच्या खांद्याला मार होता, हो म्हणाले. पंधराव्या मिनिटाला समोरच्याने एकदम पट काढला आणि पंचाने अर्ध्या पाठीवरच शिट्टी मारली. हलगी लगेच दुसरीकडे. आजोबा त्या गावाला परत कधी गेले नाहीत. याला म्हणतात अपमान.

केबलच्या काळातला: अहो, मग मी वेगळं काय सांगतोय? पंच, शब्द, समोरचा गडी, सगळं तेच. तुमचे आजोबा म्हणजे मॉन्ट्रियलचा ब्रेटच.

तालमीतला: माझ्या आजोबांना त्या चमकत्या चड्डीवाल्यांच्या रांगेत बसवू नका. पहाटे तीनला उठून हजार जोर मारायचे ते.

धंदा आधी: पण नुरा त्यांनी कबूल केली होतीच ना? तिकीट काढून आलेल्या लोकांना तेही फसवायला निघाले होते.

तालमीतला: तोंड सांभाळून बोला. खांदा निखळलेला माणूस घरात चार पोरं असताना काय करतो, ते गल्ल्यावर बसून कळत नाही.

पत्ते जमवणारी: तुम्ही सगळे पट्ट्याचं आणि इनामाचं बोलताय. ओवेनचं नाव कुणी काढलं का? ब्रेट गेला, त्याचे मेव्हणे गेले, धाकटा भाऊ मात्र त्याच कंपनीत राहिला. २३ मे १९९९ला कॅन्सस सिटीत दोरावरून रिंगमध्ये उतरवताना तो उंचावरून पडला आणि गेला. कार्यक्रम थांबवला नाही, पुढचे सामने त्याच रिंगमध्ये झाले. लहानपणी या पैलवानांचे फोटो-माहितीचे पत्ते मिळायचे, भाऊ मला त्यांत खेळायला घ्यायचे नाहीत, म्हणून मी एकटीच ते पत्ते वाचत बसायचे. ओवेनचा पत्ता अजून माझ्याकडे आहे. धंदा आधी म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीचं सांगावं.

धंदा आधी: त्या रात्री कार्यक्रम थांबवायलाच हवा होता. तिथे मी विन्सची बाजू घेणार नाही. मॉन्ट्रियलची घेतो, आणि घेत राहीन.

केबलच्या काळातला: पट्ट्याची भीती होती, एवढं मीही मानतो. पण भीती होती म्हणून खोटं बोलायचं? आणि वर कॅमेऱ्यासमोर सांगायचं की ब्रेटनेच ब्रेटला बुडवलं?

तालमीतला: ते राहू द्या. आजोबांबद्दलचं वाक्य आधी मागे घ्या.