आधी पार्किंगमधला प्लग, मग गाडी

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. रोज ४० किलोमीटर आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याहून चिपळूण, एवढंच चालवणं असेल तर माझं मत घ्यावी असंच आहे. पण बुकिंगच्या आधी सोसायटीशी बोला.

१५ अँपिअरच्या साध्या प्लगवर ताशी जेमतेम तीन युनिट भरतात. छोटी गाडी एका युनिटला साधारण सात किलोमीटर जाते, म्हणजे तुमचा रोजचा प्रवास दोन-अडीच तासांत भरून निघतो. फास्ट चार्जरची रोज गरजच नाही. मात्र तुमच्या मीटरवरून स्वतंत्र लाइन, जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्ज करू नका, कळकळीने सांगतो. तासन्‌तास भार राहिला की तो तापतो. आमच्या पार्किंगमध्ये असा एक वितळलेला बोर्ड मी पाहिलाय.

चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरताना थोडी बॅटरी परत भरते, पण येताना चढावर ती भराभर उतरते. तेव्हा परतीला निघताना पूर्ण चार्ज करूनच निघा, आणि कराडच्या आसपास चहाबरोबर चार्जिंगचा थांबा धरा.

सोसायटी लाइन द्यायला तयार नसेल, तर सध्या थांबलेलं बरं.