लेहेंगा नको, नऊवारीच नेसा

नोव्हेंबरात उत्तराखंडातल्या त्रियुगीनारायणच्या देवळात दोघंच जाऊन लग्न करायचं तुमचं ठरलंय, नवरीने काय घालावं असं तुम्ही विचारलंत आणि बहुतेकांनी फोटो छान येतात म्हणून लेहेंगा सुचवलाय. माझं मत उलट आहे. देऊळ जवळपास २,००० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, त्यात ऊन गेलं की दातावर दात वाजतात. घेरदार लेहेंगा दगडी पायऱ्यांवर दोन्ही हातांनी सावरत बसाल, मग वरमाला धरणार कोण?

नऊवारीचा काष्टा घातला की पाय मोकळे. शिवलेली घेणार असाल तर कमरेला थोडी सैल घ्या, कारण आत थर्मल येणार. थर्मलची विजार पोटरीपर्यंत दुमडा, नाहीतर काष्ट्याखालून नेमकी फोटोत डोकावते. ब्लाउज पूर्ण बाह्यांचा, मखमली. थर्मलचा गळा त्याहून खोल हवा. शेला लोकरीचा घेतलात तर मिरवताही येतो आणि गुंडाळताही.

एक मात्र पाळाच: सप्तपदी अग्नीभोवती, त्यामुळे नायलॉन-पॉलिस्टरचं काही नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. रेशीम तसं वितळत नाही. तेव्हा आईची जुनी पैठणी असेल तर उत्तमच (आईला आधी सांगा म्हणजे झालं!).

आवारात अनवाणी फिरावं लागतं, फरशी बर्फासारखी गार. जाड लोकरी मोजे दोन जोड ठेवा, एक ओला होतोच. नवरदेवाचं काय, सोवळ्याऐवजी जाड रेशमी कुर्ता, आत थर्मल, वर बंडी. झालं.