मदत हवी आहे: सायकलवरचा स्ट्रेस इको (व्यायाम करताना हृदयाची सोनोग्राफी) ठाणे-नवी मुंबईत कुठे होतो?

आई, वय ६२, ऐरोली. वजन ८६ किलो, उंची १५४ सेंमी, म्हणजे बीएमआय ३६. जिन्याचा एक मजला चढताच धाप लागते. संध्याकाळी घोट्यापाशी अंगठा दाबला की खळगा राहतो (हे रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनमुळेही असू शकतं, त्यामुळे त्यावर फार भर देत नाही). सोबत टेल्मिसार्टन (रक्तदाबासाठी) आणि मेटफॉर्मिन (मधुमेहासाठी) सुरू आहे.

झालेल्या तपासण्या: इकोत ईएफ (हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता) ६० टक्के, ई/ई-प्राइम (हृदय भरतानाचा दाब दाखवणारा आकडा) १२, फुप्फुसातला दाब ३२, ईसीजीत एएफ (ठोक्यांची अनियमितता) नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९. हिमोग्लोबिन, थायरॉईड, पीएफटी (फुप्फुसांची तपासणी) नॉर्मल.

एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) ११० आलं, म्हणून "हृदय ठीक आहे, वजन कमी करा" एवढंच सांगितलं गेलं. पण लठ्ठपणात हा आकडा मुळातच कमी येतो आणि ईएफ चांगला असूनही हृदय ताठर असू शकतं. ईएफ चांगला असूनही होणाऱ्या हार्ट फेल्युअरची शक्यता सांगणारा एच२एफपीईएफ स्कोअर ५ होतो, म्हणजे अधलामधला. त्यावरून निदान पक्कंही होत नाही, बादही होत नाही.

गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमणार नाही. डोब्युटामाइनचा (औषधाने ठोके वाढवून केलेला) इको नको, त्यात हा ताठरपणा नीट कळत नाही. आडवं झोपून सायकल मारताना ई/ई-प्राइम आणि फुप्फुसातला दाब मोजणारा डायस्टोलिक स्ट्रेस इको ठाणे ते पनवेल पट्ट्यात नक्की कुठे करतात, आणि अंदाजे खर्च किती येतो?