सनफिश: सूर्यमासा, चंद्रमासा की जातं?

भाषांतर करताना 'ओशन सनफिश' आला आणि मी 'महासागरी सूर्यमासा' लिहून मोकळी झाले. आता खटकतंय. विग्रह काय करायचा, सूर्यासारखा दिसणारा की सूर्यफुलासारखा उन्हाकडे वळणारा?

—

दोन्ही नाही 😀 हा पाण्याच्या पृष्ठभागावर कुशीवर आडवा होऊन चक्क ऊन खात पडतो, म्हणून सनफिश. आळशीपणा नाही हां तो, खोल गार पाण्यात भक्ष्यामागे बुड्या मारून अंग गारठतं मग वर येऊन शेकतो. म्हणजे खरं तर 'ऊनखाऊ मासा'. आणि ते 'महासागरी' काढा, उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या वेगळ्याच माशांना पण सनफिश म्हणतात म्हणून इंग्रजीला ते लावावं लागतं, आपल्याला ती भानगड नाही.

—

आणि हाच फ्रेंच, स्पॅनिश, जर्मनमध्ये चंद्रमासा आहे! प्वासाँ-ल्यून, पेझ लूना, मोंडफिश. गोल करडं अंग बघून चंद्रच पटतो मला.

—

चंद्रमासा नको प्लीज. इंग्रजीत मूनफिश म्हणजे ओपा, तो वेगळाच मासा. उद्या त्याचं भाषांतर करताना काय करणार?

—

शास्त्रीय नाव कुणी बघितलंच नाही का? मोला मोला. आपल्या 'मोल'शी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये मोला म्हणजे जात्याचा दगड. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये 'मोला' हे नाव दिलं ते मला सगळ्यात चपखल वाटतं कारण नुसता आकारच गोल नाही तर रंग दगडी करडा आणि कातडी अशी खरखरीत की नुकतीच टाकी लावलेल्या जात्यावरून हात फिरवल्यासारखी. इंग्रजीत दाढेला मोलर म्हणतात ते पण ह्याच मोलावरून, दळणारा दात म्हणून. आता गंमत बघा, ह्या माशाचे दात जुळून पोपटासारखी चोच झालेली असते, म्हणजे नाव जात्याचं आणि तोंडात चोच! ह्याच्याच एका भाऊबंदाला २०१७ मध्ये मोला टेक्टा नाव मिळालं. टेक्टा म्हणजे झाकलेला, इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहून ओळखूच आला नव्हता ना.

—

मग 'जातेमासा'?

—

अहो, 'जाते मासा' असं सुटं वाचलं तर कुठे जाते विचारतील लोक 😂

—

जर्मनमध्ये ह्याला 'पोहणारं डोकं' असं पण नाव आहे. बरोबरच आहे, खरी शेपटी नसतेच, मागे नुसती झालर, धड कापून टाकल्यासारखं.

—

ठरलं. मजकुरात सूर्यमासा, पहिल्यांदा येईल तिथे 'ऊन खात पडणारा' एवढं जोडते, आणि तळटीपेत जात्याची गोष्ट. 'ऊनखाऊ' मात्र मनापासून आवडला होता, पण संपादक त्याचं 'उनाड' करून टाकतील.