शिष्यवृत्तीबरोबर वेळही द्यायला हवा

कृष्णवर्णीय परिचारिकांना पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती दिली की पुरे, हे मत मला अपुरे वाटते. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९७४ मध्ये अल्पसंख्याक परिचारिकांसाठी अशी फेलोशिप सुरू केली आणि तिचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पण बारा तासांची पाळी संपवून घरी परतलेल्या परिचारिकेने रात्री जागून संशोधनाचा प्रस्ताव लिहावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. वॉर्डात तिच्या जागी दुसरी परिचारिका नेमून तिला आठवड्यातले ठरावीक दिवस भरपगारी मोकळे द्यायला हवेत, आणि मसुदा ओळीओळीने तपासणारा अनुभवी मार्गदर्शकही हवा.

यात रुग्णांचाही थेट संबंध येतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन घटलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. यंत्रावर ऑक्सिजन ९४ टक्के आणि रुग्णाला मात्र धाप, ही विसंगती बहुधा सर्वांत आधी दिसते ती खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेला, आणि आज तिची ती शंका संशोधनाचा विषय न होता पाळीच्या नोंदवहीतच राहून जाते.